दूरनियंत्रक, गृहरंजनातील : अवरक्त व रेडिओ

दूरचित्रवाणी संच, ध्वनिसंच, चित्रफीत वादक, उपग्रह वाहिन्यांची ग्राही पेटी यांसारखी घरातील रंजनाची साधने स्पर्श न करता, काही अंतरावरून चालविण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या हस्तसाधनाला दूरनियंत्रक म्हणतात. व्यवहारात ते ‘रिमोट’ या नावाने ओळखले जाते. आज्ञा वाहून नेणाऱ्या तरंगांनुसार त्याचे अवरक्त व रेडिओ असे दोन प्रमुख प्रकार होतात. दोन्ही तरंग विद्युत्‌ चुंबकीय स्वरूपाचे असून त्यांचा निर्वातातील वेग सेकंदाला सु. ३ लाख किमी. असा एकच आहे. त्यामुळे घरातील अंतरापुरता त्यांच्या वेगात काहीही फरक पडत नाही. त्यांच्यातील खरा भेद भिंतीपाशी प्रकट होतो. अवरक्त किरण भिंतीपाशी थांबतात, तर रेडिओ तरंग तिच्यातून पलीकडे जातात. आज्ञेला संकेतांक देण्याची गरज, शेजाऱ्याच्या संचाशी होणारा गोंधळ, शासकीय अनुज्ञप्ती, सुरक्षितता आणि दुरुस्तीची सोय हे सर्व प्रश्न याच एका भेदातून उद्‌भवले आहेत. दूरनियंत्रकाचा इतिहास हा बऱ्याच अंशी आज्ञेला घराची मर्यादा घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : अंतरावर संकेत पोहोचविण्यासाठी प्रकाश, ध्वनी व रेडिओ या तीन माध्यमांचा उपयोग होत आला आहे. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील मावळ भागाच्या इतिहासात पहिल्या दोहोंची चांगली उदाहरणे मिळतात. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांच्या हाताखालील मावळ्यांनी सिंहगड घेतल्यावर गडावरील पागेला आग लावण्यात आली व तो उजेड राजगडावरून शिवाजी महाराजांना दिसला, असे सभासदाच्या बखरीत म्हटले आहे. हा संकेत पोहोचला, कारण दोन्ही गडांच्या माथ्यांमध्ये दृष्टी अडविणारे काही नव्हते. मध्ये डोंगर असता तर तीच आग व्यर्थ ठरली असती. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. कर्जतहून लोणावळ्याकडे चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणारी जादा एंजिने जोडावी लागतात. बोगदे व वळणे यांमुळे पुढच्या व मागच्या चालकांना एकमेकांच्या खुणा दिसत नसल्याने शिट्टीच्या ठराविक संकेतांवर हे काम चालत असे. ध्वनी वळणापलीकडे पोहोचतो; पण तो सर्वांनाच ऐकू येतो. प्रकाश अडतो, ध्वनी पसरतो, हे दोन्ही माध्यमांचे गुण व दोष पुढे घरगुती दूरनियंत्रकातही जसेच्या तसे उतरले.

अवरक्त प्रारणाचा शोध विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लावला. लोलकाने विभागलेल्या सूर्यप्रकाशाच्या तांबड्या टोकापलीकडे ठेवलेल्या तापमापकाचा पारा चढलेला त्यांना आढळला. हाइन्रिख हर्ट्‌झ यांनी १८८७–८८ मध्ये प्रयोगशाळेत रेडिओ तरंग निर्माण केले. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये केलेल्या प्रयोगात अत्यल्प तरंगलांबीचे असे तरंग मधल्या भिंती ओलांडून गेले व त्यांनी पलीकडील घंटा वाजविली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट घडविला. भिंतीपलीकडील वस्तूवर तारेवाचून क्रिया घडविण्याचे हे आरंभीचे प्रात्यक्षिक होय.

निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओ तरंगांनी चालणारी छोटी नौका दाखविली व त्याच वर्षी तिचे एकस्व मिळविले. आपल्या ग्राहीवर दुसऱ्या कोणाची आज्ञा चालू नये, हा प्रश्न त्यांच्यापुढे तेव्हाच उभा राहिला होता. एकाच वेळी दोन वा अधिक कंप्रतांचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्यांचे) तरंग आल्याशिवाय ग्राही कार्यान्वित होणार नाही, अशी योजना असलेले एकस्व त्यांना १९०३ मध्ये मिळाले. स्पेनमधील अभियंते लेओनार्दो तोर्रेस केव्हेदो यांनी त्याच सुमारास ‘तेलेकिनो’ नावाचे रेडिओ नियंत्रण यंत्र तयार केले व १९०६ मध्ये बिल्बाओ येथे त्याच्या साहाय्याने नाव चालवून दाखविली.

घरातील प्रवेश : गृहरंजनाच्या क्षेत्रात तारविरहित दूरनियंत्रक प्रथम आला तो रेडिओ पद्धतीचा. अमेरिकेतील फिल्को कंपनीने १९३९ च्या श्रेणीतील काही रेडिओ संचांसाठी ‘मिस्टरी कंट्रोल’ ही पेटी बाजारात आणली. तिच्यावर दूरध्वनीसारखी फिरती तबकडी असे. तबकडी फिरविली, की तितके स्पंद नीच कंप्रतेच्या रेडिओ तरंगांद्वारे संचाकडे जात व त्यानुसार केंद्र बदले किंवा आवाज कमीजास्त होई. निर्वात नलिका व मोठी विद्युत्‌ घटमाला यांमुळे ही पेटी अवजड होती.

दूरचित्रवाणीसाठी झेनिथ कंपनीने १९५० मध्ये आणलेला ‘लेझी बोन्स’ हा नियंत्रक तारेने संचाला जोडलेला असे. ती तार पायांत अडकण्याची भीती असे. १९५५ मध्ये त्याच कंपनीतील यूजीन पॉली यांनी ‘फ्लॅश-मॅटिक’ हा प्रकाशावर चालणारा नियंत्रक तयार केला. पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशविद्युत्‌ घट बसविलेले असून विजेरीसारख्या साधनाचा झोत ज्या कोपऱ्यावर पडेल त्यानुसार क्रिया घडत असे. मात्र या झोताला कोणतीही खूण नव्हती. त्यामुळे खिडकीतून आलेले ऊन आणि मालकाची आज्ञा यांत संचाला भेद करता येत नसे व उन्हाने वाहिनी बदलत असे.

यानंतर रेडिओ तरंगांचा विचार झाला. परंतु ते भिंतीपलीकडे जाऊन शेजारच्या बिऱ्हाडातील संच चालवतील, या अडचणीमुळे तो मागे पडला. रॉबर्ट ॲडलर यांनी सुचविलेल्या श्राव्यातीत (मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या) ध्वनीचा अवलंब करून १९५६ मध्ये ‘स्पेस कमांड’ हा नियंत्रक आणण्यात आला. कळ दाबली असता आतील लहान हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आघात करी. निरनिराळ्या लांबीच्या दांड्यांतून सु. ४० किलोहर्ट्‌झच्या आसपासचे निरनिराळे ध्वनी निघत. नियंत्रकाला विद्युत्‌ घट लागत नसे व त्याचा ध्वनी भिंतीबाहेर फारसा जात नसे. ही पद्धत सु. २५ वर्षे टिकली. तथापि किल्ल्यांच्या जुडग्याच्या खणखणाटातही तसेच ध्वनी असल्याने संच आपोआप चालू-बंद होण्याचे प्रकार घडत. शिवाय प्रत्येक आज्ञेसाठी स्वतंत्र कंप्रता लागत असल्याने आज्ञांची संख्या मर्यादित राही.

अवरक्त पद्धती : गॅलियम आर्सेनाइड या अर्धसंवाहकातून विद्युत्‌ प्रवाहाने अवरक्त प्रारण मिळते, हे १९६१ मध्ये रॉबर्ट बियार्ड व गॅरी पिटमन यांना आढळले. त्यावर आधारलेला प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थ (‘एलईडी’) आणि स्वस्त संकलित मंडले यांमुळे अवरक्त नियंत्रक शक्य झाला. त्याची निकड प्रथम मजकुरासाठी निर्माण झाली. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने १९७४ मध्ये ‘सीफॅक्स’ ही सेवा सुरू केली. तीत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर छापील मजकुराची पाने दिसत व हव्या त्या पानाचा तीन अंकी क्रमांक द्यावा लागे. ० ते ९ हे सर्व अंक पाठविणे जुन्या ध्वनिपद्धतीला अवघड होते. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून अवरक्त पद्धतीने तिची जागा घेतली.

नियंत्रकातील द्विप्रस्थ सामान्यतः सु. ९४० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = १०⁻⁹ मीटर) तरंगलांबीचा अदृश्य प्रकाश देतो. हा प्रकाश सलग नसतो. तो सेकंदाला ३६,००० ते ४०,००० वेळा लुकलुकतो. या लुकलुकीमुळेच फ्लॅश-मॅटिकचा दोष दूर झाला. ऊन कितीही प्रखर असले, तरी ते या लयीत लुकलुकत नाही. संचातील ग्राहीत दृश्य प्रकाश अडविणारा छानक व ठराविक लय तेवढीच पुढे जाऊ देणारे मंडल असते. लुकलुकीचे गट व त्यांमधील विराम यांच्या साहाय्याने द्विमान संकेतांक पाठविला जातो. फिलिप्स कंपनीच्या ‘आरसी-५’ या पद्धतीत वाहक कंप्रता ३६ किलोहर्ट्‌झ असून एका संदेशात १४ द्विमान अंक असतात. त्यांपैकी ५ अंक संचाचा प्रकार व ६ अंक आज्ञा सांगतात. एक अंक कळ दाबून धरली आहे की नव्याने दाबली आहे, हे दर्शवितो. एनईसी कंपनीच्या पद्धतीत वाहक कंप्रता ३८ किलोहर्ट्‌झ असते. तीत पत्ता व आज्ञा प्रत्येकी एकदा सरळ व एकदा उलट करून पाठवितात. दोहोंचा मेळ बसला नाही, तर ग्राही ती आज्ञा नाकारतो.

या पत्त्याने संचाची जात कळते, व्यक्ती कळत नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. एकाच कंपनीच्या एकाच नमुन्याच्या सर्व संचांचा पत्ता एक असतो. त्यांना परस्परांपासून वेगळे ठेवण्याचे काम संकेतांक करीत नाही. ते भिंत करते.

मावळ व लोणावळा परिसर : भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले; पण मुंबई व पुणे यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत आहे. अत्युच्च कंप्रतेचे दूरचित्रवाणी तरंग बरेचसे सरळ रेषेत जात असल्याने डोंगराच्या छायेत ते क्षीण होतात. म्हणून १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारून मुंबईचे कार्यक्रम पुणे परिसराला देण्यात आले. ज्या गडाच्या माथ्यावरील आगीने तीनशे वर्षांपूर्वी संकेत दिला, तोच माथा त्याच भौगोलिक कारणासाठी पुन्हा निवडला गेला. रेडिओ तरंग भिंत ओलांडतात, हे विधान सरसकट खरे नाही, हेही यावरून ध्यानात येते. वीट किंवा लाकूड ते ओलांडतात. धातूचा पत्रा, ओली जाड दगडी भिंत व डोंगर यांच्यापुढे त्यांची शक्ती घटते.

एकच वाहिनी असण्याच्या त्या काळात दूरनियंत्रकाची फारशी गरज नव्हती. संचाच्या गोल मुठी फिरवून चित्र व आवाज एकदा जुळविला, की काम भागे. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि १९९१ नंतर उपग्रह व केबल वाहिन्यांचा प्रसार झाला. निवडीला वाव मिळाला, तेव्हाच दूरनियंत्रक चैनीच्या वस्तूंतून गरजेच्या वस्तूंत आला. २००३ पासून थेट घरापर्यंत येणाऱ्या उपग्रह सेवेमुळे ग्राही पेटीचा दुसरा नियंत्रक घरात आला. लोणावळ्याच्या अतिवृष्टीत पेटीवरील चित्र गोठते, त्यात नियंत्रकाचा दोष नसतो. उपग्रहाकडून येणारे १० गिगॅहर्ट्‌झवरील तरंग पावसाच्या थेंबांत शोषले व विखुरले जातात, हे त्याचे कारण आहे.

लोणावळा व खंडाळा ही पर्यटनाची ठिकाणे असल्याने तेथील निवासगृहांत एका ओळीत अनेक खोल्या व प्रत्येक खोलीत बहुधा एकाच नमुन्याचा संच अशी रचना आढळते. अशा ठिकाणी अवरक्त पद्धतीचा गुण विशेष दिसतो. सर्व खोल्यांतील नियंत्रकांचा संकेतांक एकच असूनही एका खोलीतील कळ दुसऱ्या खोलीतील संचावर परिणाम करीत नाही. एखादा नियंत्रक हरवला वा बिघडला, तर दुसऱ्या खोलीतील नियंत्रक कोणत्याही पूर्वतयारीशिवाय चालतो. याउलट दिवाणखान्यातील पेटीवर आतल्या खोलीतील दुसरा संच जोडलेला असेल, तर तेथून पेटीची वाहिनी अवरक्त नियंत्रकाने बदलता येत नाही. त्यासाठी तारेने जोडलेला अवरक्त ‘डोळा’ आतल्या खोलीत आणावा लागतो. बागेत किंवा व्हरांड्यात बसून घरातील ध्वनिसंच चालवावयाचा असेल, तर रेडिओ पद्धतच उपयोगी पडते. दाट धुक्यात हा फरक अधिक जाणवतो. धुक्याचे थेंब अवरक्त तरंगलांबीपेक्षा मोठे असल्याने ते दृश्य प्रकाशाप्रमाणेच अवरक्त किरणांनाही विखुरतात. नियंत्रकात वापरण्यात येणाऱ्या रेडिओ तरंगांवर मात्र धुक्याचा परिणाम नगण्य असतो.

रेडिओ पद्धती : या पद्धतीतील गृहोपयोगी नियंत्रक प्रामुख्याने ४३३ मेगॅहर्ट्‌झच्या आसपास (तरंगलांबी सु. ६९ सेंमी.) व २.४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यात (तरंगलांबी सु. १२.५ सेंमी.) चालतात. येथे भिंतीचा आडोसा नसल्याने प्रत्येक नियंत्रकाला स्वतःची ओळख द्यावी लागते व संचाला ती एकदा शिकवावी लागते. या क्रियेला जोडणी म्हणतात. जोडणी झालेल्या नियंत्रकाखेरीज अन्य आज्ञा संच स्वीकारीत नाही. टेस्ला यांच्या १९०३ च्या योजनेमागील हेतूच येथे संकेतांक व गूढलेखन यांच्या द्वारे साधला जातो. २०१० मध्ये ब्लूटूथची अल्पशक्ती आवृत्ती आल्यानंतर लहान विद्युत्‌ घटांवर दीर्घकाळ चालणारे रेडिओ नियंत्रक सुलभ झाले.

अवरक्त नियंत्रकासाठी कोणाच्याही परवानगीची आवश्यकता कधी नव्हती. कारण त्याचा प्रकाश खोलीबाहेर कोणाला उपद्रव देत नाही. रेडिओ तरंग मात्र सार्वजनिक अवकाशात पसरतात. त्यामुळे त्यांवर १८८५ चा भारतीय तार अधिनियम व १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम यांचे नियंत्रण आले. २००५ मध्ये शासनाने २.४ ते २.४८३५ गिगॅहर्ट्‌झ हा पट्टा ठराविक शक्तिमर्यादेपर्यंतच्या साधनांसाठी अनुज्ञप्तीमुक्त केला. या जुन्या अधिनियमांची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम संमत झाला. अनुज्ञप्तीमुक्त पट्टा सर्वांना खुला असल्याने त्यात गर्दीही होते. घरातील वाय-फाय व सूक्ष्मतरंग भट्टी हीसुद्धा याच पट्ट्यात काम करतात.

तुलना : अवरक्त नियंत्रक संचाच्या रोखाने धरावा लागतो व त्याचा पल्ला सामान्यतः ८ ते १० मी. असतो. पांढऱ्या भिंतीवरून किंवा छतावरून परावर्तित झालेला किरणही पुष्कळदा काम करतो. प्रखर ऊन सरळ ग्राहीवर पडल्यास किंवा इलेक्ट्रॉनीय चोक असलेल्या दिव्याची लुकलुक वाहक कंप्रतेच्या जवळ आल्यास पल्ला कमी होतो. त्याची तपासणी सोपी आहे. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबली असता चालू स्थितीतील द्विप्रस्थ बहुतेक कॅमेऱ्यांत फिकट जांभळा चमकताना दिसतो. रेडिओ नियंत्रकाला रोख धरण्याची गरज नसते, संचाकडून उलट माहितीही मिळू शकते आणि कपाटाच्या लाकडी दारामागील पेटीही चालविता येते. मात्र बिघाड नियंत्रकात आहे, जोडणीत आहे की भोवतालच्या तरंगांत आहे, हे सहज कळत नाही.

सुरक्षिततेच्या दृष्टीने दोहोंची स्थिती परस्परविरुद्ध आहे. अवरक्त संकेतांक बहुधा उघडा असतो. त्या जातीचा कोणताही नियंत्रक घेऊन उघड्या खिडकीतून संच बंद करता येतो. पण त्यासाठी संच दिसावा लागतो. रेडिओ आज्ञा अदृश्य राहून दूरवर जाते. म्हणून तिचे रक्षण केवळ गूढलेखनावर अवलंबून असते. अनेक रेडिओ नियंत्रकांत आता आवाजी आज्ञेसाठी ध्वनिग्राहक असतो. अशा आज्ञेतील शब्द संचामार्फत सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकापर्यंत जाऊ शकतात. येथे आज्ञा केवळ शेजारच्या खोलीपर्यंतच नव्हे, तर घराबाहेर दूरवर पोहोचते.

दुरुस्ती व उपलब्धता या बाबी सामान्य कुटुंबास अधिक जवळच्या आहेत. अवरक्त संकेतांक फारसे गुप्त नसल्याने संचाच्या कंपनीचे नाव सांगून पर्यायी नियंत्रक बाजारातील साध्या दुकानात अल्प किमतीत मिळतो व जुना संच वर्षानुवर्षे चालतो. जोडणीवर अवलंबून असलेला रेडिओ नियंत्रक हरवल्यास त्याच कंपनीचा मेळ बसणारा नियंत्रक शोधावा लागतो. कंपनीने त्याचे उत्पादन थांबविले व संचावर कळा नसल्या, तर सुस्थितीतील संचही अडून बसतो.

मिश्र पद्धती : या कारणांमुळे एका पद्धतीने दुसरीला हद्दपार केलेले नाही. अवरक्त आज्ञेचे रेडिओ तरंगांत रूपांतर करून ती दुसऱ्या खोलीत पुन्हा अवरक्त स्वरूपात सोडणारी जोडसाधने प्रचारात आहेत. निन्टेन्डो कंपनीच्या २००६ मधील ‘वी’ या खेळसंचात नियंत्रकाच्या कळांची माहिती ब्लूटूथने जात असे, तर त्याचा रोख ओळखण्यासाठी पडद्याजवळील अवरक्त दिवे व नियंत्रकातील कॅमेरा यांचा उपयोग केला जाई. आधुनिक दूरचित्रवाणी संचांच्या अनेक नियंत्रकांत संच चालू-बंद करण्याची कळ अवरक्त असते व शोध, निवड आणि आवाजी आज्ञा रेडिओने जातात. जोडणी तुटली असली, तरी अवरक्त कळ संच चालू करू शकते. एका खोलीत एकच संच असलेल्या घरास अवरक्त पद्धत पुरेशी, स्वस्त व दुरुस्तीस सोपी ठरते. साधने कपाटात किंवा निरनिराळ्या खोल्यांत असतील, तर रेडिओ पद्धत सोयीची होते. परंतु तेथे भिंतीने विनामूल्य दिलेले संरक्षण जोडणी, गूढलेखन व नियम यांच्या द्वारे मिळवावे लागते.